वेशीवरचा पालट

हल्ली पुण्याकडून सायकलवाले येतात. पावसाळा सरला की दर रविवारी येतात. डोक्याला टोप, अंगाला चिकटलेले काळे कपडे आणि सायकली इतक्या हलक्या, की एका हाताने उचलून माझ्या ओट्याला टेकवतात. मागच्या महिन्यात त्यांच्यातल्या एका मुलीने पाणी मागितलं आणि विचारलं, "आजी, देऊळवाडीची खिंड फार अवघड आहे का हो?" मी म्हटलं, "चढायला नाही. मागे बाप बसवून उतरायला अवघड आहे." ती हसली. म्हातारी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. तिने बाटली भरून घेतली, आभार मानले आणि गेली. मी मात्र दुपारपर्यंत ओट्यावरच बसून राहिले. चहासुद्धा केला नाही.

आमचे अण्णा देवी काढायचे. आताच्या पोरांना हे सांगावं लागतं. देवीचा रोग तेव्हा गेलेला नव्हता, आणि तो येऊ नये म्हणून पोराच्या दंडावर दोन टोकांच्या सुईने लस टोचायची, त्याला देवी काढणं म्हणत. राजूरच्या आसपासच्या डोंगरांतली वीस-बावीस गावं आणि वाड्या अण्णांकडे होत्या. लोक त्यांना देवीडाक्टर म्हणत. ते डॉक्टर नव्हते, सातवी शिकलेले होते. पण त्यांचा एक नियम भल्या डॉक्टरला जमणार नाही असा होता. टोचलं की आठव्या दिवशी त्या गावात परत जायचं आणि दंड बघायचा. फोड आला असेल तर देवी उठली, वहीत खूण करायची. नसेल तर पुन्हा टोचायचं, आणि पुन्हा आठव्या दिवशी जायचं. तरी नाही, तर तिसऱ्यांदा. नववा दिवस त्यांनी कधी होऊ दिला नाही. घरात कोणाचं बारसं असो की कोणाला ताप असो, आठवा दिवस म्हणजे आठवा दिवस.

माझी अकरावीची परीक्षा चालू असताना ते खिंडीच्या उतारावर सायकलसकट पडले. उजवा गुडघा मोडला. हाड बसवलं ते असं बसवलं की तो पाय पुन्हा वाकलाच नाही. लंगडत चालता यायचं, पण पायडल मारणं संपलं. नोकरीची दोन वर्षं राहिली होती. वरच्या साहेबांना पाय दिसला असता तर त्यांनी घरी बसवलं असतं, आणि अण्णांना या जगात कशाची भीती वाटत असेल तर घरी बसण्याची. मला ती भीती चांगली ठाऊक होती, कारण मी घरीच बसलेली होते.

अकरावी, म्हणजे तेव्हाची मॅट्रिक, पास झाले आणि बसले. तेव्हा पोरी अशाच बसायच्या. दवाखान्यामागे आमच्या दोन खोल्या होत्या, वर पत्रा. उन्हाळ्यात पत्रा दिवसभर तडतडायचा. खिडकीतून फाटा दिसायचा आणि कोणती एसटी कोणत्या दिशेने गेली हे मला गिअरच्या आवाजावरून सांगता येत असे. स्वयंपाकघरात एका स्टोव्हवर अण्णांच्या सुया उकळत. त्या पातेल्याच्या कानाला आईने लाल चिंधी बांधून ठेवली होती, चुकून त्यात कोणी डाळ शिजवू नये म्हणून. भाकरीच्या वासात स्पिरिटचा वास मिसळलेला असायचा. माझी आई नगरजवळच्या भिंगारची. लष्कराच्या शेजारी वाढलेली, बँडच्या आवाजावर झोपेतून उठलेली. तिला राजूरची नागलीची भाकरी उभ्या आयुष्यात गोड लागली नाही. "आमच्या भिंगारला बाजरी अशी मिळते," इथून तिचं सुरू व्हायचं आणि तिच्या भावापर्यंत, भावाच्या दुकानापर्यंत, दुकानासमोरच्या नळापर्यंत जायचं. तीही अडकलेलीच होती, पण ती निदान बोलून घ्यायची. मी बोलत नसे. मी खुरासणीची चटणी वाटायचे, आणि वरवंटा इतका आपटायचे की आई म्हणायची, "पाट्याने काय घोडं मारलंय तुझं?"

अण्णा पडल्यावर तिसऱ्या महिन्यात त्यांनीच विचारलं, "सुमे, तुला सायकल येते ना?" शाळेत असताना दांडीखालून पाय घालून मी शिकले होते, आईचा मार खात शिकले होते. म्हटलं, येते. त्या दिवसापासून मी अण्णांचे पाय झाले. त्यांची जुनी खाकी पँट कमरेला नाडी ओवून घालायची, वर पोलकं, केस रुमालात. ते मागे कॅरिअरवर बसायचे, ताठ पाय एका बाजूला काढून, आणि दोन्ही हातांनी माझ्या सीटखालची स्प्रिंग घट्ट धरायचे. चढ आला की उतरून मागून चालत यायचे. उतार आला की बसायचे आणि खालपर्यंत एकच शब्द म्हणायचे, "ब्रेक. ब्रेक. ब्रेक."

आणि वेस आली की पालट. हा आमच्या घरचा शब्द. गाव दिसायच्या आधी, एखाद्या झाडाआड, आम्ही दोघं उतरायचो. अण्णा हँडल धरायचे, मी पँटवर परकर चढवून पिशवी खांद्याला लावायची आणि दोन पावलं मागून चालायचं. गावात शिरताना देवीडाक्टर सायकल हातात धरून येतायत आणि त्यांची मुलगी मदतीला बरोबर आहे, एवढंच दिसलं पाहिजे. बाहेर पडताना तसंच. एका दिवसात सहा-सहा, आठ-आठ पालट व्हायचे. राजूरच्या मारुतीजवळ पहिला आणि राजूरच्या मारुतीजवळच शेवटचा.

ऐकणाऱ्याला वाटेल, पोरीची चंगळ होती. रस्ता दुष्काळी कामावर नुकताच झालेला, मुरूम अजून लाल. दोन्ही अंगांना साग, सादडे, हिरड्याची झाडं, चैतात करवंदांचा वास. वाटेत गढीचं गाव, पडक्या बुरुजावर शेळ्या चढलेल्या. पुढे बारवेचं गाव, तिथे पायऱ्या उतरून मी तोंड धुवायचे. सगळं खरं आहे. पण मी त्या रस्त्याने एकदाही एकटी गेले नव्हते. सायकलला कुलूप असे आणि किल्ली अण्णांच्या करगोट्याला. ते झोपले तरी किल्ली त्यांच्या कमरेला. मला डोंगर दिसायचा तो मागच्या साठ किलो वजनासकट. खोलीतून सुटून मी सायकलवर आले आणि सायकलवर जास्तच अडकले. खोलीत निदान पाठीवर कोणाचा श्वास लागत नव्हता.

शाळेतल्या बाईंनी माझ्याकडून नगरला नर्सिंगचा अर्ज भरून घेतला होता. मार्क चांगले होते, निवड होणार असं त्या छातीठोक सांगत. पत्ता अण्णांच्या दवाखान्याचा दिलेला, कारण आमचं सगळं टपाल तिथेच येई. मी रोज संध्याकाळी विचारायचे, "अण्णा, माझं काही आलंय?" अण्णा पिशवी खुंटीला लावत म्हणायचे, "नाही बुवा." होळी झाली, पाडवा झाला. हळूहळू मी विचारणं सोडलं. मार्क कमी पडले असतील, असं स्वतःलाच सांगून टाकलं. हे मला आज आठवलं की माझाच राग येतो. एवढी तोंडाळ मी, आणि बाईंकडे जाऊन एकदा चौकशी केली नाही.

तो शनिवार देऊळवाडीचा आठवा दिवस होता. सकाळीच आईशी वाजलं होतं, कशावरून ते आता आठवत नाही. खिंडीचा चढ लागला तसे अण्णा उतरले आणि मी सायकल ढकलत वर आले. त्या दिवशी ते फार मागे राहिले. वर वीरगळांची रांग आहे, झिजलेले योद्धे, त्यांच्या वर कोरलेला चंद्र-सूर्य. तिथे मी थांबले, पाणी प्याले. खाली रस्ता वळणं घेत झाडीत उतरत होता आणि तळाशी देवळाचं काळं शिखर. कॅरिअर रिकामं होतं. कुलूप उघडलेलं होतं. मागे वळणावर अण्णांची काठी वाजत होती, टक, टक, आणि मध्ये लांब थांबा. मी ठरवलं वगैरे काही नाही. पाय दांडीवरून टाकला आणि गेले.

ब्रेक दाबला नाही. पहिल्या वळणावर रुमाल उडाला, तो उचलायला थांबले नाही. मुरमाचे खडे चाकाखालून उडत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मी मोठ्याने ओरडत होते. काय ओरडत होते, देव जाणे. आयुष्यात पुढे मी विमानात बसले, गोव्याला समुद्र पाहिला, पण त्या पाच-सात मिनिटांची सर कशालाच आली नाही. पालटाचा आंबा आला आणि गेला. मी तशीच पँटीत, उघड्या डोक्याने, घंटी वाजवत देवळापुढे जाऊन थांबले.

देवळाच्या ओट्यावर बायका पोरांना घेऊन बसलेल्या होत्या. सगळ्यांत पुढे ठकूबाई, गावातली म्हातारी सुईण, तिच्या शब्दाखेरीज तिथे कोणी पोराचा दंड उघडत नसे. मला वाटलं, आता पँट बघून तोंडावर पदर जातील. ठकूबाई नुसती म्हणाली, "आगं बया, आज येकलीच?"

"अण्णा मागून येतायत," मी म्हटलं.

"मागनं कशाचा येतोय? त्यो काय, वर बसलाय."

मी वळून पाहिलं. ओट्यावरून सगळा डोंगर दिसत होता. खिंड, वीरगळ, रस्त्याचं प्रत्येक वळण, आंबासुद्धा. आणि वर, वीरगळांपाशी, पांढऱ्या टोपीचा एक ठिपका. बसलेला.

"इथून दिसतं?" मी विचारलं.

"न दिसाया काय झालं? तुमी दोगं दर टायमाला त्या आंब्याखाली उतरता. त्यो हँडल धरतो, तू परकर चढवतीस. आमी हितं बसून समदं बघतो."

"मग कधी बोलला नाहीत ते?"

"बोलून काय करायचं? मान्साला चालत यावंसं वाटतंय आपल्या गावात, तर येऊ द्यावं." तिने मांडीवरच्या पोराचं अंगडं वर केलं. "बघ, उठली का न्हाई ती."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. वर्षभर आम्ही बापलेक ज्या आंब्याआड लपत होतो तो गावाच्या बाजूने उघडाच होता. मी पिशवी उघडली आणि खुणा करायला देवीची वही काढली. पानं उलटताना आतून एक खाकी लिफाफा खाली पडला. वर माझं नाव. फोडलेला.

निवड झाली आहे, सोमवारी सकाळी वसतिगृहाच्या सामानासह हजर व्हावे, न आल्यास जागा दुसऱ्या उमेदवारास दिली जाईल. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. तीन आठवडे ते माझ्याच खांद्याला लटकून माझ्याबरोबर गावोगाव फिरत होतं. वही रोज अण्णाच लिहायचे, माझ्या हातात ती कधी येतच नव्हती.

मी तिथल्या अकरा पोरांचे दंड पाहिले. अकराही उठल्या होत्या. खुणा नीट केल्या. वही आजही असती तर दाखवली असती. प्रत्येक खुणेनंतर मी वर बघत होते. ठिपका हलला नव्हता. मला ते दिसत होते म्हणजे मीही त्यांना दिसत असणार, आणि हातात काय आहे तेही त्यांना कळलं असणार. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण तिने माझं तोंड वाचलं. नागलीच्या दोन भाकरी आणि कांदा फडक्यात बांधून दिला. म्हणाली, "जा वर. उपाशी हाय त्यो."

खिंड चढायला मला तासभर लागला. काय काय बोलायचं ते सगळं मी चढताना जुळवून ठेवलं होतं. वर पोचले तर अण्णा वीरगळाला टेकून बसलेले, ताठ पाय समोर पसरलेला. मी भाकरी पुढे ठेवली आणि म्हटलं, "परवा सोमवार आहे."

"हं," अण्णा म्हणाले.

 त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी तशीच बांधली. मी सायकल धरली, ते मागे बसले, स्प्रिंग धरली. राजूरच्या मारुतीपर्यंत ब्रेकसुद्धा म्हणाले नाहीत. मारुतीजवळ मात्र सवयीने म्हणाले, "पालट," आणि मी, अंगाची लाही होत असताना, सवयीनेच उतरले आणि परकर चढवला. पत्र लपवल्याचं मी पुढे कधीतरी समजून घेतलं. त्या संध्याकाळी मी उतरले, हे मला कित्येक वर्षं समजून घेता आलं नाही.

घरी आल्यावर मी आईपुढे पत्र टाकलं. तिला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. तिने तवा खाली उतरवला, अण्णांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाली, "उद्याची पहिली एसटी. भिंगारला माझा भाऊ आहे, एक रात्र त्याच्याकडे राहील आणि सोमवारी हजर होईल." अण्णा सुया उकळत बसले होते. सकाळी माझी ट्रंक त्यांनीच कॅरिअरला बांधली आणि फाट्यापर्यंत सायकल हातात धरून लंगडत आले. एसटी सुटली तरी मी खिडकीबाहेर पाहिलं नाही.

नगरला वसतिगृहाच्या खिडक्यांना गज होते आणि दाराशी पहारा, पण तिथे मी हसायला शिकले. पुढच्या रविवारी शिपाईणबाई सांगत आल्या, "राजूरहून वडील आलेत." मी मोजलं. आठवा दिवस होता. मी म्हटलं, "कामात आहे म्हणावं." वरच्या खिडकीतून पाहिलं, अण्णा फाटकाशी निंबाखाली बसले होते. दोन तास बसले, डबा ठेवून गेले. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा आले. मी पुन्हा कामात होते. राजूरहून नगर म्हणजे एसटीत अर्धा दिवस, पाय दोन बाकांच्या मध्ये मावत नाही, हे सगळं मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच खाली गेले नाही. त्यांनी बसून बघावं, असं मला वाटत होतं.

तिसऱ्या रविवारी आले तेव्हा मी खाली गेले. म्हटलं, "किती वेळा येणार आहात?"

"तिसऱ्यांदा यावंच लागतं," अण्णा म्हणाले.

मी जुळवून ठेवलेलं सगळं बोलायला तोंड उघडलं आणि एवढंच निघालं, "पत्र का लपवलंत?"

ते निंबाकडे बघत म्हणाले, "भ्यालो गं. तू गेलीस की मी घरात बसणार. त्या खिडकीत."

मी पुष्कळ उत्तरांची तयारी केली होती. आईची काळजी, लोक काय म्हणतील, मुलीची जात, यातलं प्रत्येक मी खोडून काढलं असतं. पण ती खिडकी मला माहीत होती. मी त्यांच्याशेजारी पारावर बसले आणि हमसून रडले, आणि रडताना रागही गेला नव्हता.

"आता कसे जाता?" मी विचारलं.

"चालत."

"देऊळवाडीला?"

"आदल्या दिवशी निघतो. आठवा दिवस चुकला नाही अजून."

पहिली रजा मिळाली ती दोन महिन्यांनी. पावसाळा तोंडावर होता. मी राजूरला आले त्याच्या दुसऱ्या दिवशी देऊळवाडीची फेरी होती. सकाळी अण्णांनी करगोट्याची किल्ली सोडली आणि माझ्या हातावर ठेवली. मी पँट घातली. परकर पिशवीत टाकायला आई घेऊन आली, मी तो परत खुंटीवर अडकवला. मारुतीजवळ अण्णा कॅरिअरवर बसले.

खिंडीत वीरगळांपाशी आम्ही पाणी प्यालो. उतार लागला. "ब्रेक. ब्रेक," अण्णा सुरू झाले, आणि मी जिथे दाबायला हवा तिथे दाबत राहिले. आंबा दिसला.

"पालट, सुमे," अण्णा म्हणाले.

"नाही, अण्णा."

"अगं, गाव आलं."

"त्यांना सगळं दिसतं. पहिल्यापासून दिसतं."

 स्प्रिंगवरची अण्णांची पकड इतकी आवळली की सीट करकरलं. आंबा मागे पडला. देवळाच्या ओट्यावर बायका पोरांना घेऊन बसलेल्या होत्या. आम्ही दोघं एका सायकलवर, त्यांचा ताठ पाय बाजूला निघालेला, भर उन्हात, सगळ्या गावासमोर उतरत होतो. ठकूबाई उठून उभी राहिली. मला मागे बघता येत नव्हतं. पण सीटखालचा अण्णांचा एक हात सुटल्याचं मला कळलं, जरा वेळ तो परत आला नाही, आणि ओट्यावरून ठकूबाईने उत्तरादाखल आपला हात वर केला.